नॉटिलस घरी पाळावा का?

श्रोतेहो, सोनईच्या एखाद्या घरात समुद्राचा प्राणी पाळावा, तोही नॉटिलस, ही कल्पना ऐकून आपल्यापैकी बऱ्याच जणांना हसू येईल. सोनई हे नेवासे तालुक्यातले गाव. भोवताली उसाचे फड, मुळेच्या उजव्या कालव्याचे पाणी. आणि समुद्र म्हणाल तर सरळ रेषेतसुद्धा दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे. पण हल्ली हातातल्या फोनवर साऱ्या जगाचा बाजार उघडा असतो. एखादे मूल त्यावर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांचा तो शंख पाण्यात अधांतरी तरंगताना पाहते आणि वडिलांना विचारते, "आपण हा काचेच्या पेटीत ठेवू या का?" अशा वेळी "गप बस, भलतंच काय!" असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. परंतु प्रश्न वेडगळ नाही. परदेशात काही हौशी लोकांनी घरी नॉटिलस पाळलेले आहेत. तेव्हा या प्रश्नाला नीट, हिशेबाने उत्तर द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आधी हा प्राणी कोण ते पाहू. कोकणात ज्याला माकूळ म्हणतात तो, आणि ज्याचे नाव सर्वांनी ऐकलेले असते तो आठ हातांचा ऑक्टोपस, या दोघांचा नॉटिलस हा चुलत भाऊ. फरक इतकाच, की माकुळाने आपले कवच पोटात घेतले, ऑक्टोपसाने ते टाकूनच दिले, आणि नॉटिलसने मात्र वाडवडिलांचे घर सोडले नाही. वीतभर व्यासाचा गुंडाळलेला शंख, त्याच्या तोंडाशी नव्वदाच्या आसपास बारीक शुंडा, आणि दोन मोठे डोळे. या डोळ्यांना भिंग नाही. बाहुलीच्या जागी नुसते एक बारीक छिद्र असते आणि त्यातून समुद्राचे पाणी सरळ आत जाते. साहजिकच त्याला अंधुक दिसते. पण वासाचे ज्ञान असे तीक्ष्ण, की काळोखात दूरवर पडलेल्या मेलेल्या खेकड्याचा किंवा शेवंडीने टाकलेल्या कातेचा माग तो बरोबर काढतो.

शिंगणापूर आपल्या अगदी शेजारचे. तिथल्या घरांना दारे नसतात हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. नॉटिलसच्या घराला मात्र दार आहे. डोक्यावर चामड्यासारखी जाड अशी एक झापड असते. भय वाटले की तो अंग आत ओढून घेतो आणि ही झापड दारासारखी लावून टाकतो.

पण त्याच्या घराची खरी गंमत आत आहे. शंख उभा चिरला तर त्यात एकापुढे एक वाढत गेलेल्या खोल्या दिसतात. मोठ्या नॉटिलसमध्ये त्या तीस किंवा त्याहूनही अधिक असतात. प्राणी स्वतः राहतो फक्त शेवटच्या, सर्वांत मोठ्या खोलीत. अंग वाढले की तो थोडा पुढे सरकतो आणि मागे भिंत घालतो. झाली नवी खोली! ही खोली आधी पाण्याने भरलेली असते. सर्व भिंतींतून ओवलेली एक मांसल दोरी शेवटपर्यंत गेलेली असते. ती त्या पाण्यातले क्षार शोषून घेते. क्षार गेले की पाणीही त्यांच्यामागून जाते, आणि रिकाम्या जागेत हळूहळू वायू झिरपतो. अशा रीतीने खोल्या हलक्या होतात आणि जड कवचाचे ओझे घेऊन प्राणी पाण्यात अधांतरी राहू शकतो. पाण्याची मोटर चालावी तसे हे काम झटपट होत नाही; ते चालते अतिशय संथपणे. एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण नॉटिलसचे सारेच संथ आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच दडलेले आहे.

हे खोल्यांचे काम डोळ्यांनी पाहायचे असेल तर त्यासाठी नॉटिलस लागत नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मागा. पाळलेल्या पोपटाच्या पिंजऱ्यात पुष्कळ लोक तो पांढरा तुकडा अडकवतात. समुद्रफेस म्हणजे समुद्राचा फेस नव्हे. ते माकुळाच्या जातीच्या प्राण्याचे, पोटात घेतलेले कवच होय. तो बादलीतल्या पाण्यावर टाका, तरंगेल. मग त्याचा कडेचा तुकडा मोडून भिंगाखाली धरा. एकावर एक रचलेले पातळ मजले दिसतील. तत्त्व तेच, बांधणी वेगळी.

आता काचपेटीकडे वळू. आज आपण ज्याला ॲक्वेरियम म्हणतो त्याच्या जन्माशीही नॉटिलसचे नाव जोडलेले आहे, हे पुष्कळांना माहीत नसते. फ्रान्समधल्या एका खेड्यात १७९४ साली जन्मलेली झान विल्प्रे ही मुलगी पॅरिसला जाऊन शिवणकाम आणि भरतकाम करू लागली. पुढे पॉवर नावाच्या व्यापाऱ्याशी लग्न होऊन ती सिसिली बेटावर राहायला गेली. तिथे समुद्रात 'कागदी नॉटिलस' नावाचा प्राणी सापडत असे. नाव नॉटिलस असले तरी तो खरा ऑक्टोपसाच्या कुळातला. त्याच्या मादीजवळ कागदासारखे पातळ कवच असते. हे कवच ती स्वतः बनवते की दुसऱ्या कोणा प्राण्याचे पळवते, असा वाद त्या काळी विद्वानांत चालू होता. या बाईंनी नुसता वाद घातला नाही. त्यांनी १८३२ साली काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यांत समुद्राचे पाणी भरले, प्राणी ठेवले आणि रोज पाहणी केली. अंड्यातून निघालेले पिलू पुढे स्वतःच कवच घडवते, आणि कवच फुटले तर डागडुजीही करते, हे त्यांनी सिद्ध केले. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने, आपल्याला पडलेल्या शंकेचे उत्तर मिळवण्यासाठी, काचपेटी वापरात आणली. काचपेटी ही दिवाणखान्यातली शोभेची वस्तू झाली ती मागाहून.

खऱ्या नॉटिलसची गोष्ट मात्र कष्टाची आहे. लंडनचे रिचर्ड ओवेन यांनी १८३२ सालीच त्याच्या शरीररचनेवर ग्रंथ लिहिला. पण तो वाढतो कसा, अंड्यात असताना दिसतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आर्थर विली नावाचा तरुण इंग्रज संशोधक त्यासाठी १८९० नंतरच्या दशकात पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर जाऊन राहिला. समुद्रात पिंजरे सोडून त्यांत त्याने नॉटिलस ठेवले. अखेर त्यांनी अंडी घातली, पण त्यांतून पिले काही वाढली नाहीत. पिले प्रत्यक्ष निघालेली पाहायला विसावे शतक सरत यावे लागले. जपानमधल्या टोबा येथील आणि हवाई बेटांवरच्या वायकिकी येथील मत्स्यालयांसारख्या मोठ्या संस्थांनी हे काम केले. मादी एका वेळी एकेकच अंडे घालते, वर्षभरात फार तर डझन-दीड डझन. आणि अंड्यातून पिलू बाहेर यायला जवळजवळ एक वर्ष लागते. पिलू निघते ते सात-आठ खोल्यांचे छोटे कवच पाठीवर घेऊनच!

आता आपण सोनईत बसून हिशेब मांडू. नॉटिलस पाळायचा तर काय काय लागेल?

पहिली गोष्ट थंडावा. हा प्राणी समुद्रात शंभर ते सातशे मीटर खोलीवर, प्रवाळाच्या उतारांवर राहतो. पाणी पंचवीस अंशांच्या वर गेलेले त्याला सोसत नाही. मत्स्यालयांत त्याच्यासाठी पाणी साधारणपणे पंधरा ते वीस अंशांच्या आत ठेवतात. आपल्याकडे वैशाखात बाहेरची हवा चाळिशी गाठते. म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र रात्रंदिवस चालले पाहिजे. आणि वीज गेली तर? वळवाचा एक वारा सुटला, तारेवर फांदी पडली आणि दुपारभर दिवे नसले, तर माणूस पंख्यावाचून कसेबसे निभावून नेतो. पेटीतल्या प्राण्याने कोठे जावे?

दुसरी गोष्ट जागा. लहान टाकीत तो भिंतीवर आपटतो आणि शंखाची कड झिजते, फुटते. हजार लिटरांची उंच टाकी धरा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन! माडीवर ठेवण्याचा तर विचारच करू नका.

तिसरी गोष्ट खारे पाणी. समुद्राच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. तेव्हा हजार लिटरांना पस्तीस किलो क्षार लागले. आणि हे किराणा दुकानातल्या मिठाने भागत नाही. समुद्रात मिठाखेरीज मॅग्नेशियम, चुना, पोटॅशियम असे कितीतरी पदार्थ ठरलेल्या प्रमाणात असतात; त्यासाठी खास तयार केलेले मिश्रण विकत आणावे लागते. दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचे म्हटले तर दर वेळी साडेतीन किलो क्षार आणखी.

चौथी गोष्ट पाण्याची शुद्धता. प्राणी खातो, विष्ठा टाकतो, त्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. जमिनीत युरिया टाकणाऱ्या शेतकऱ्याला पुढची गोष्ट समजावून सांगायला नको. मातीतले सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. तेच काम टाकीच्या गाळणीत जंतूंकडून करून घ्यावे लागते. हे जंतू रुजायला चार ते सहा आठवडे तरी लागतात. त्याआधी प्राणी सोडला तर तो मेलाच म्हणून समजा. आणखी एक सांगतो. माशांच्या रोगावर पुष्कळदा तांब्याचे औषध देतात. नॉटिलसच्या रक्तात आपल्या रक्तातल्या लोहाच्या जागी तांबे असते. पण पाण्यात मिसळलेले तांबे त्याला विषासमान आहे.

आणि पाचवी गोष्ट, त्याला पाण्याबाहेर काढायचे नाही. शंखात हवा शिरून अडकली तर त्याचा तोल बिघडतो, आणि तो बुचासारखा वर तरंगत राहतो.

मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन झाले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी शाळेच्या सहलीत ते पाहिलेले असेल. समुद्र अगदी दाराशी, हाताशी तज्ज्ञ माणसे, पाठीशी सरकार. तरीसुद्धा समुद्रातले जीव काचेत जगवणे म्हणजे रात्रंदिवसाची राखण असते. मग एका कुटुंबाने दोनशे किलोमीटर आत ते करावे, हे कितपत जमेल?

कोणी म्हणेल, "पैसा आहे, जागा आहे, विजेला जनरेटर आहे. मग तर झाले?" ज्याच्याजवळ हे सारे असेल त्याच्यापुढेही दोन अडचणी उरतात, आणि माझ्या मते त्याच खऱ्या.

एक अडचण कायद्याची. आपल्या देशात नॉटिलस अंदमान-निकोबारच्या समुद्रात सापडतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा; त्याच्या सूचीत २००१ साली काही शंखशिंपल्यांबरोबर नॉटिलसचाही समावेश झाला. तेव्हा त्याला पकडणे किंवा त्याचा व्यापार करणे हा गुन्हा आहे. पुढे २०१६ साली जोहान्सबर्ग येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नॉटिलसच्या साऱ्या कुळाच्या देशोदेशींच्या व्यापारावर नियंत्रण घालण्याचे ठरले. तेव्हा कोणी दुकानदार गुपचूप "आणून देतो" म्हणाला, किंवा समुद्रकाठच्या बाजारात त्याचा चकचकीत शंख पुढे केला, तरी भुलू नका.

दुसरी अडचण या कायद्यामागच्या कारणाची. मघाशी म्हणालो की नॉटिलसचे सारेच संथ. कोंबडी सहा महिन्यांत अंड्यावर येते, शेळी दोन वर्षांच्या आत विते. नॉटिलसला वयात यायलाच दहा ते पंधरा वर्षे लागतात. मग वर्षाला दहा-वीस अंडी, आणि प्रत्येक अंड्याला एक वर्ष. अशा प्राण्याला धरणे किती सोपे असावे? खोल पाण्यात मांसाचा तुकडा लावून सापळा सोडायचा; वासाने तो आपण होऊन येतो. फिलिपाइन्समध्ये शंखांच्या व्यापारासाठी असे सापळे लावले गेले, आणि काही ठिकाणी पाच-दहा वर्षांच्या आत सापळे रिकामे येऊ लागले. पाण्यातून काढलेल्या एका मोठ्या नॉटिलसची जागा भरून यायला, आपल्या घरी आज जन्मलेले मूल दहावी पास व्हावे एवढा काळ जातो. शिवाय तो अगदीच निर्बुद्ध जीव नाही. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन महाविद्यालयात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, निळा उजेड दाखवून लगेच खाऊ दिला, असे काही वेळा केले. पुढे नुसता उजेड दिसला तरी नॉटिलस शुंडा बाहेर काढू लागले, आणि एक दिवस उलटल्यावरही त्यांना ही आठवण राहिली. काचेच्या भिंतींचीही त्याला काही जाणीव होत असेल, असे मानायला हरकत नाही.

श्रोतेहो, सोनईचा आणि नॉटिलसचा काहीच संबंध नाही असे मात्र समजू नका. संबंध आहे, आणि फार जुना आहे. आपल्या देवघरात शालिग्राम असेल तर तो हातात घेऊन पाहा. नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून तो आला. पुष्कळ शालिग्रामांत जे चक्र दिसते तो अमोनाइट नावाच्या प्राण्याच्या शंखाचा ठसा असतो. नॉटिलससारखाच खोल्याखोल्यांचा शंख असलेला हा प्राणी सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, हिमालय उठण्याच्या आधी, तिथे असलेल्या समुद्रात राहत होता. तुळशीच्या लग्नात ज्याला आपण अंतरपाटासमोर उभे करतो त्याची ही कथा श्रद्धेला उणेपणा आणत नाही. उलट हात जोडताना काळाची खोली जाणवते.

हे अमोनाइट सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले. मेक्सिकोत एक प्रचंड अशनी कोसळली ती त्याच सुमारास. आणि आपल्या पायाखालचा काळा कातळ, ज्याच्या झिजेतून ही काळी कसदार जमीन झाली, तो लाव्हाही त्याच काळात या दख्खनवर थरावर थर ओतला जात होता. त्या उत्पातात अमोनाइट गेले, नॉटिलसचे पूर्वज मात्र राहिले. असे का? शास्त्रज्ञांचा कयास असा आहे, की अमोनाइटची पिले अगदी बारीक असत आणि समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगत. तिथला अन्नसाठा बुडाला तशी तीही बुडाली. नॉटिलसची पिले मोठी, बलकावर पोसलेली, खोल पाण्यात निघणारी; आणि मोठेपणी मेलेले-टाकलेले खाऊन, थोडक्यात भागवून जगणारी. जे संथपण त्या वेळी त्याच्या कामी आले, तेच आज माणसाच्या सापळ्यापुढे त्याच्या मुळावर आले आहे.

मग त्या मुलाला सांगायचे काय? नाही म्हणायचेच, पण हात रिकामा ठेवून नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची पेटी घ्या. तिच्यात पन्नास लिटरांच्या आसपास पाणी मावते. नळाचे पाणी असेल तर एक दिवस उघडे ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. तळाशी धुतलेली वाळू, एक-दोन पाणवनस्पती. पाच-सहा आठवडे पेटी तशीच चालू द्या. मघाशी सांगितलेले जंतू इथेही रुजायला हवेत. मग तळ्यातल्या किंवा कालव्यातल्या झाकणाच्या गोगलगाई चार-पाच आणा. बेलामिया नावाची ही जात आपल्याकडे सर्रास आढळते. तिच्या शंखाला पक्के झाकण असते. हात लावला की दार बंद, अगदी नॉटिलससारखे. ही गोगलगाय अंडी घालत नाही, इवल्या शंखासकट पिलेच देते, आणि काचेवरचे शेवाळ खाते. आपल्या विंधण विहिरींच्या पाण्यात चुना बराच असतो, तो हिच्या शंखाला मानवतो. झाकण नसलेल्या पातळ शंखाच्या गोगलगाई मात्र आणू नका. जनावरांच्या यकृतात होणाऱ्या कृमींचा प्रसार त्यांच्यातल्या काही जाती करतात. पेटीत हात घातल्यावर साबणाने हात धुवायचे, हा नियम तर कायमचाच. आणि हौस फिटली म्हणून दुकानातून आणलेले मासे कधीही कालव्यात सोडू नका. परका मासा आपल्या पाण्यातल्या माशांच्या मुळावर उठतो.

जोडीला एक वही ठेवा. शंखावर नवी कड कधी दिसली, पिले कोणत्या महिन्यात झाली, उन्हाळ्यात गोगलगाई दार लावून बसतात का, याची मुलाकडून नोंद करवा. समुद्र पाहायला कोकणात गेलात तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय त्याला अवश्य दाखवा. नॉटिलस जिथे आहे तिथेच, खोल काळोखात, सुखाने राहू द्या. त्याच्याकडून शिकण्यासारखे जे आहे, त्याचा पुष्कळसा भाग सोनईत, पन्नास लिटर गोड्या पाण्यातही शिकता येतो.